पोट तुमच्या हवाली

"पोट तुमच्या हवाली करतो, डोकं नाही," नाना म्हणाले.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. समोर ऐंशीला टेकलेला, कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस ताठ बसला होता. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, पण मान तसूभर वाकत नव्हती. एका बाजूला त्यांची बायको, माई. दुसऱ्या बाजूला परगावाहून धावत आलेली लेक.

"बाबा, परवा दुखण्यानं गडाबडा लोळत होतात," लेक म्हणाली. "खडा अडकला तर जिवावर बेतेल म्हणालेत सर्जन. आणि तुम्ही अटी घालताय?"

"घालणारच. माझा दोस्त हर्नियासाठी आत गेला. हर्निया बरा झाला. घरी आल्यावर स्वतःच्याच घरात विचारायला लागला, बाथरूम कुठंय? अजून विचारतो."

डॉक्टरीणबाईंनी ते उडवून लावलं नाही. "होतं असं कधीकधी. उतारवयात मेंदूला भूल सोसत नाही. बरेच जण काही दिवसांत सावरतात. काही नाही सावरत."

"मग भूल न देता कापा."

"ओरडाल."

"ओरडेन."

माई हसल्या. डॉक्टरीणबाईंनाही हसू आवरलं नाही. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"मेलाटोनिनची गोळी असते. अंधार पडला की झोपेसाठी आपला मेंदू जे द्रव्य सोडतो, तेच. वय वाढलं की ते आटत जातं. म्हाताऱ्या उंदरांना भुलीच्या आधी ते दिलं, तेव्हा मेंदूच्या पेशींची हानी कमी झाली. माणसांत मात्र कुठं फायदा दिसला, कुठं नाही."

"म्हणजे खात्री नाही."

"नाही. पण तुम्हाला ती द्यायला हरकत नाही. आणि भूलही लागेल तेवढीच देईन, थेंबभर जास्त नाही."

नानांनी थोडा विचार केला. "द्या. उंदीर तर उंदीर."

डॉक्टरीणबाई माईंकडे वळल्या. "अलीकडे हे काही विसरतात का हो? तुम्ही घरात असता, तुम्हीच सांगा."

"त्यांनाच विचारा," माई गोड हसून म्हणाल्या. "सगळं त्यांना ठाऊक असतं."

"काही विसरत नाही मी," नाना मध्येच म्हणाले.

बाहेर आल्यावर लेकीचा बांध फुटला. "आईला एक वाक्य तरी पुरं बोलू द्याल? निवृत्त झालात तसं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंत. दाराची किल्ली तुमच्या खिशात. फोन लावला तरी उचलणार तुम्हीच. अख्खा जन्म कारखान्यात हुकूम सोडले, आता ती एकटी उरली आहे हुकूम ऐकायला. ऑपरेशन झालं की थोडे दिवस तिला माझ्याकडे नेते. मोकळा श्वास घेऊ दे तिला."

"ती कुठंही जाणार नाही."

"तिला विचारलंत?"

माईंनी नानांची बाही घट्ट धरली होती. नानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ते चालू लागले.

ऑपरेशनच्या दिवशी, स्ट्रेचर आत जाताना त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. "तिला प्रश्न विचारत बसू नकोस. नुसता हात धरून बस."

"बोलायलाही बंदी!" लेक पुटपुटली. पण तिनं आईचा हात धरला. एकदा तो तिच्या हातून सुटला, तेव्हा माई उठून लिफ्टकडे निघाल्या होत्या. लेकीनं त्यांना परत आणून बसवलं. काळजीनं जीव थाऱ्यावर नाही बिचारीचा, असं तिला वाटलं, आणि बापाचा आणखी राग आला.

नानांना खोलीत आणलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते, पण नजर छतावर खिळलेली. डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. लेक खाटेशी येऊन वाकली.

"चष्मा," नाना म्हणाले.

चष्मा लावल्यावर त्यांनी खोलीतल्या एकेकाला नीट न्याहाळलं.

"कुठं आहात तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमच्या तावडीत."

"शंभरातून सात वजा करत चला."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट. अठ्ठावन्न..."

"पुरे, पुरे."

"का? तुम्हाला पुढचं येत नाही?"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "गोळीचा गुण की तुमचा हट्ट, देव जाणे. पण डोकं जागेवर आहे."

लेकीनं डोळे पुसले. "जिंकलात बाबा. पण एवढं भांडून वाचवलेल्या या डोक्याचं करणार काय आता?"

"वापरणार."

मान हलवत ती पुढच्या औषधांचं विचारायला डॉक्टरीणबाईंबरोबर बाहेर गेली. खोलीत दोघंच उरली. माई खाटेवर वाकल्या.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ती बाई फार चांगली आहे हो. तुम्ही नव्हता तेव्हा माझा हात धरून बसली होती. कोण आहे ती?"

नानांनी दाराकडे पाहिलं. पावलं परत येत होती.

"आपली लेक," ते त्यांच्या कानाशी म्हणाले. "आत आली की हस, आणि तिला ‘बाळ’ म्हण."