सात नंबरचा बोकड

“पन त्याला इचारलं का?” फागी म्हणाली.

समितीची बैठक चालू होती. गोकुळ सरांना हसू आवरेना. जव्हारच्या शाळेत वीस वर्षं शिकवलेला माणूस, पण असला प्रश्न त्यांच्याही वाट्याला आला नव्हता.

“बोकडाला विचारायचं, फागीबाई?”

“मंग कोनाला? सुई त्याला टोचनार ना? का तुला?”

चाचणी चालवणाऱ्या डॉक्टर नीता मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला.

जव्हारबाहेरच्या संशोधन केंद्राच्या शेडमध्ये बारा बोकड होते. शेळ्यांच्या बुळकांडी रोगावर नवी लस निघाली होती, तिची चाचणी चालू होती. साल दोन हजार तीन. जनावरांवर प्रयोग करायचा तर समितीत गावातलं एक माणूस हवं, असा नियम होता. काम बिनपगारी, पण त्याच्या सहीशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नसे. सूर्यमाळच्या पाड्यावर डॉक्टर नीतांनी विचारलं, तेव्हा बाप्ये एकमेकांची तोंडं बघत बसले. मागून फागीचा हात वर गेला.

कारण सरळ होतं. सात नंबरचा काळा बोकड तिचा होता. ती माहेरी गेली असताना पाड्यावर गाडी आली, लस टोचायचीय म्हणाले, आणि तिच्या नवऱ्याने, माघ्याने, बोकड उचलून गाडीत चढवला. त्याला वाटलं, टोचतील आणि संध्याकाळी आणून सोडतील. वर कागदावर अंगठाही दिला, शहाण्याने!

फागी परत आली, रिकामा खुंटा बघितला आणि अशी काही सुटली की माघ्या दोन दिवस घरात जेवला नाही. पण अंगठा तो अंगठा. चाचणी संपेपर्यंत बोकड मिळणार नव्हता. तो परत आणायचा, धडधाकट आणायचा आणि दिवाळीतल्या वाघबारशीच्या आत आणायचा, एवढंच तिने मनात धरलं.

दर बुधवारी पहिल्या एसटीने ती जव्हारला यायची. सोबत पाच वर्षांची नात, मीना. ही पोर गेल्या वर्षी रानात चुकली होती. दोन दिवसांनी आपल्या पायांनी चालत घरी आली, अंगावर साधा ओरखडा नाही! तेव्हापासून फागी तिचा हात सोडत नसे.

शेडमध्ये ती एकेक बोकड हाताने चाचपायची. पाण्याचं घमेलं कोरडं दिसलं की रखवालदाराची खैर नसे. बोकड झुंजतात म्हणून शिंगं कापायचं ठरलं, तर फागी आडवी पडली.

“अंगाला खोट नको. शिंग नको कापू, पाय नको बांधू. लंगडला तं मी सही नाय करनार.”

सही ती गोकुळ सरांकडून नुकतीच शिकली होती आणि ती कुठे अडवायची हेही तिला लगेच कळलं होतं.

“या सात नंबरच्या कानाला चीर कोणी दिली?” नीतांनी एकदा विचारलं.

“आमची खून हाय ती.” मग जरा थांबून, “बाय, तुझी दवा याच्या अंगातून कदी उतरंल?”

“शेवटच्या सुईनंतर एकवीस दिवसांनी काही उरत नाही.”

शेवटची सुई झाली त्या दिवसापासून फागी सुतळीला रोज एक गाठ मारू लागली. नीतांना ते बघून भरून यायचं. पोटच्या पोराची कोणी इतकी काळजी घेत नाही, असं त्या गोकुळ सरांना म्हणाल्या.

दिवाळी जवळ आली आणि शेवटचा कागद समोर आला. बाराही बोकडांना गुंगी देऊन मारायचं आणि फुप्फुसं तपासायची.

“त्यांना दुखणार नाही, फागीबाई.”

“नसंल दुकत. मी सही नाय करनार.”

“हे आधीच ठरलंय.”

“ठरवताना इचारलं त्याला? तुज्या कागदासाठी नाय मरायचा तो.”

मुंबईहून मोठे साहेब जीपने आले. आधी गोड बोलले, मग आवाज चढवला. फागी मीनाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती, ती हलली नाही.

“मी शब्द दिलाय,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“ज्याला द्यायचा त्याला.”

तीन बैठका झाल्या. शेवटी नीतांनीच साहेबांना पटवलं की रक्ताच्या तपासण्यांवर भागेल. बाराही बोकड आपापल्या घरी जाणार होते.

“वाघबारशीच्या आत दे पन,” फागी म्हणाली.

“आमच्याकडे त्याच दिवशी वसुबारस. गाय-वासराची पूजा करतो आम्ही. किती छान, नाही का हो सर?” नीता म्हणाल्या.

गोकुळ सर काहीतरी बोलणार होते. पण ते खिडकीबाहेर बघू लागले.

बोकड सोडला तेव्हा सुतळीला बावीस गाठी होत्या. फागीने त्याचे दात बघितले, खूर बघितले, शिंगं हाताने चाचपली आणि पहिल्यांदाच मोकळं हसली. नीतांचे डोळे भरले. “तुम्ही आम्हाला दया शिकवलीत, फागीबाई.” फागीने त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि दोरी धरून एसटीच्या वाटेला लागली.

वाघबारशीच्या सकाळी सगळा पाडा रानाच्या तोंडाशी जमला. फागीने मीनाला पुढे उभं केलं, शेंदूर लावलेल्या वाघदेवाच्या दगडापुढे नारळ ठेवला आणि म्हणाली, “माजी पोर तू परत दिलीस, तुजं तुला आनलंय.” मग तिने बोकडाच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि हळूच विचारलं, “काय रं, जातूस ना?” सगळे बोकडाकडे बघत राहिले. बोकडाने शिंगांपासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. “हो म्हनला,” फागी म्हणाली आणि तिने माघ्याच्या हातात कोयता दिला.