पेनगंगेची घळ

"तू कडेला येऊ नको," मनकर्णाबाई सुनेला म्हणाल्या. "तुझा पाय लागला की ह्योबी खडक खाली बसंल."

राजकन्या जागच्या जागी थांबली. पंचवीस वर्षांत हे इतक्या वेळा ऐकलं होतं की कानांना एव्हाना सवय व्हायला हवी होती. झाली नव्हती. पुढ्यात सहस्रकुंडाची घळ पसरली होती. वैशाखात पेनगंगेला पाणी ते किती असणार? धबधब्याच्या जागी दोन-चार धारा, आणि त्यांच्या खाली नजर पोचेल तिथपर्यंत चिरत गेलेला काळाकुट्ट खडक.

राजकन्येच्या लेकीचं, शिवलीलाचं लग्न आठवड्यावर आलं होतं. पहिली पत्रिका इथल्या महादेवापुढं ठेवायला घरची चौघं गावाहून जीप करून आली होती. पत्रिका ठेवली, नारळ फुटला, आणि देवळाच्या पायरीवरच मनकर्णाबाईंनी फर्मान काढलं. नवरीला पहिली हळद राजकन्येची चुलत जाऊ लावेल. राजकन्येनं हळदीच्या ताटाला हात लावायचा नाही. राजकन्येचा नवरा बसवंत हे ऐकून मुकाट जीपकडं चालता झाला. आई आणि बायकोच्या मधे पडायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

राजकन्येनं आजवर सगळं गिळलं होतं. कुणाच्या बारशाला पाळण्याला हात लावायचा नाही, बरं. ओटी भरायला पुढं व्हायचं नाही, तेही बरं. पण पोटच्या पोरीला हळद लावायची नाही? तिच्या अंगाची नुसती आग झाली होती.

तिचा गुन्हा तरी काय? त्र्याण्णव साली ती औशाकडच्या त्या गावात नांदायला आली आणि नवव्या दिवशी पहाटे जमीन हलली. सासरे पिराजी आणि अकरा वर्षांचा दीर गोलू दगड-मातीच्या घरात माळवदाच्या धोंड्यांखाली गेले. मनकर्णाबाईंना लोकांनी दुपारी उकरून काढलं. नवं जोडपं मात्र अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत होतं. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. मग काय, पांढऱ्या पायाची ठरायला आणखी काय लागतं? गाव नव्या जागी वसलं, सरकारनं घरं बांधून दिली, शिक्का तेवढा जुनाच राहिला. पुढं शिवलीलासाठी राजकन्येनं लातुरात खोली केली, दोन वर्षं तिथं राहून पोरीला रांधून घातलं. पोरगी क्लासात घासून घासून अर्धी झाली आणि डॉक्टरकी चार मार्कांनी हुकली. त्याचंही खापर आईच्याच पायावर. शिवलीला नांदेडला जाऊन भूगर्भशास्त्र शिकली, तर म्हातारी गावभर सांगत सुटली, "आमची पोरगी दगडाची डॉक्टरीण झाली."

आज त्या डॉक्टरणीचं डोकं फिरलं होतं. तिनं आजीचा दंड धरून तिला कडेजवळच्या कट्ट्यावर बसवलं.

"आज्जी, समोर बघ. एकावर एक थर दिसतात का? जमीन फाटून आतला तापलेला रस वर आला, पसरला, गार झाला. मग पुन्हा आला. साडेसहा कोटी वर्षांमागं. मधी तो लाल पट्टा हाय ना, ती दोन थरांच्या मधी भाजलेली माती."

"बरं मग?"

"मग खडकाला भेगा पडल्या. नदी त्या भेगांत शिरली अन् लाखो वर्षं घासत राहिली, तवा ही घळ झाली. हाच खडक आपल्या गावाखाली हाय. त्याच्याबी खाली, लई खोल, जुनी चीर हाय. तिच्यावर ताण साठत गेला, साठत गेला अन् एका पहाटे सुटला. आई नांदायला आली नसती तरी त्याच पहाटे सुटला असता. तिच्या पायाला कोण विचारतंय?"

मनकर्णाबाई घळीकडं बघत राहिल्या. राजकन्याही बघत होती. साडेसहा कोटी वर्षं! आणि जाब विचारला तो तिच्या नऊ दिवसांना. एवढा राग तिला कधी आला नव्हता. ती तरातरा चालत पार कडेला गेली, तिथं दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि सासूकडं वळली.

"आत्याबाई, माझ्या लेकीला हळद मीच लावणार. कोण अडवतंय ते बघते."

सासूपुढं आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. आता शिव्यांची लाखोली येणार म्हणून तिनं दात आवळले.

"लाव," मनकर्णाबाई म्हणाल्या.

शिवलीलाचा चेहरा उजळला. एवढं सोपं होतं तर हे आधीच का नाही केलं, असं तिला वाटून गेलं. तेवढ्यात म्हातारीनं तिचं मनगट पकडलं. पकड सुटत नव्हती.

"भूकंप हिनं आणला न्हाई. पटलं मला. आता म्होरलं बी सांग. त्याच्या आधी वरीसभर धक्के बसत होते, म्हणून गोलू अन् त्याचा बाप अंगणातच निजायचे. ही नांदायला आली. त्या पत्र्याच्या खोलीचं दार अंगणात. नव्या नवरीला लाज वाटंल म्हणून त्येंची अंथरुणं उचलून आत माळवदाखाली कुणी टाकली? माझ्या ह्याच हातांनी न्हवं?"