समोरची काच

चष्मेवाल्याने तिसऱ्यांदा नंबर लावला आणि या वेळी मात्र रिंग वाजेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला. दोन वर्षांत बायकोला केलेला हा पहिला फोन होता.

गाडीची समोरची काच फुटली आहे, असं त्याने सांगितलं. कशी फुटली, असं तिने विचारलं. माहीत नाही, असं म्हणताना त्याने उगाचच घसा खाकरला. पुढचं वाक्य त्याने दुकानात बसून दहा वेळा घोकलं होतं. गाडी तुझ्या नावावर, पॉलिसी तुझ्या नावावर, तेव्हा क्लेमसाठी... पण ते म्हणायची वेळच आली नाही.

"माझी सही लागेल," ती म्हणाली. "शनिवारी येते."

फॉर्म कुरिअरने पाठवता आला असता. ते त्याने सुचवलं नाही. तिनेही विचारलं नाही.

ती गेली तेव्हा भांडण झालं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं होतं. दोन तासांवरच्या शहरात एक केंद्र होतं. अपघातातून उठलेल्या माणसांना तिथे पुन्हा चालायला शिकवत. तिला तिथे मनासारखी नोकरी मिळाली. त्याला ते रुचलं नाही. "गेलीस तर परत यायची घाई करू नकोस," असं तो बोलून गेला. तिने ते अक्षरशः पाळलं. एक बॅग उचलली, गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि बस पकडली. त्याने बोलावलं नाही, ती आली नाही.

त्याने कारणं शोधली नाहीत असं नाही. तिचे हिवाळ्यातले कपडे पोचवावेत का, बँकेचं एखादं पत्र वाचून दाखवावं का. फोन हातात घेतला की प्रत्येक कारण फुसकं वाटायचं. गाडीचा विचारही मनात येऊन गेला होता. आठवड्यातून एकदा तो ती धुवायचा, जरा फिरवून आणायचा आणि मग बंद गाडीत शेजारच्या सीटवर जाऊन बसायचा. एरवी तो तिथेच बसत आला होता. गाडी ती चालवायची.

शनिवारी त्याने दुकान उघडलं नाही. दोनदा केर काढला, दोनदा शर्ट बदलला.

ती दहाला आली. केस कापले होते, आणि डोळ्यांवर दुसऱ्याच कुणीतरी बनवून दिलेला चष्मा होता. डावी काडी किंचित वर राहिली होती. कशी आहेस, हे विचारायचं राहून गेलं आणि हात पुढे झाला.

"दे इकडे."

तिने चष्मा काढून दिला. त्याने अंगठ्याने काडी हलकेच वाकवली, फुंकर घातली, रुमालाने पुसून परत दिला. तिने तो घातला, मान हलवून पाहिला. बरा बसलाय, एवढंच म्हणाली. तेवढ्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर आला.

सर्व्हेअर किडकिडीत आणि शांत होता. त्याने फोटो काढले, मग टॉर्च लावून काचेच्या अगदी जवळ तोंड नेऊन पाहिलं. घटना मंगळवारची, असं फॉर्मवर लिहिलं. बाईंना त्याने मूळ कागद आणायला दुकानावरच्या घरात पाठवलं आणि त्या जिना चढून गेल्यावर चष्मेवाल्याकडे वळला.

"दगड लागला तर तडे एका जागेवरून पसरतात. इथे तीन घाव आहेत, एकाला एक लागून. आणि त्याआधी कुणीतरी वायपर उचलून ठेवलेत, त्यांना धक्का लागू नये म्हणून." त्याने वही मिटली. "गुंडाला एवढी काळजी नसते, काका. हे घरच्या माणसाचं काम आहे."

चष्मेवाल्याचे कान तापले.

सर्व्हेअरने आवाज चढवला नाही. मी हे लिहिलं तर क्लेम फेटाळला जाईल, वर बाईंच्या नावाला डाग लागेल, असं त्याने समजावलं. तुम्हीच मागे घेतलात तर कुणाला काही कळायचं कारण नाही.

वरच्या खोलीत तिची पावलं वाजत होती. कपाट उघडलं, बंद झालं. चष्मेवाला मान वर करून ऐकत राहिला. कंपनीने काच दिली काय, न दिली काय, सारखंच होतं.

"राहू दे क्लेम," तो म्हणाला.

मागे घेण्याच्या अर्जावरही सही तिचीच लागणार होती. ती कागद घेऊन खाली आली, अर्ज वाचला आणि एक शब्द न विचारता सही केली. कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे मास्तरांनी बघावं तसं सर्व्हेअरने चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि स्कूटर सुरू केली.

आता तिला थांबायला काही उरलं नव्हतं. तिने बॅग खांद्याला लावली. परतीची बस एकला होती.

"त्याला वाटतंय, काच मी फोडली," चष्मेवाला म्हणाला.

"मग तुम्ही त्याला ‘नाही’ असं का म्हणाला नाहीत?"

"कुठल्या तोंडाने म्हणू? फुटलेली काच पाहिली आणि वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. आता तुला फोन करता येईल, एवढंच सुचलं. तेच दिसलं असेल त्याला माझ्या चेहऱ्यावर." तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. "पण मी नाही फोडली. तुला तरी पटतंय का?"

तिने बॅग उतरवून पायरीवर ठेवली.

"पटतंय," ती म्हणाली. "मंगळवारी पहाटे मीच आले होते. बेल वाजवायचा धीर झाला नाही."