लंबू की डावरा

“लंबू? तुमचा तो लंबू?” फिटर बाकावरून अर्धा उठला. “अहो पोस्टमन, त्याला वाकून बुटाची नाडी बांधता येत नाही. तो रिंगवरून उसळलेला रिबाउंड काय घेणार, कपाळ!”

“चेंडू वरून येतो. वाकायचंय कशाला?” पोस्टमन म्हणाला.

लाँड्रीवाला इस्त्री फिरवता फिरवता हसला. भिंतीवरच्या टीव्हीवर जुनी मॅच चालू होती, आवाज बंद करून. शहराच्या बास्केटबॉल टीमचा मुख्य फॉरवर्ड चांगला होता, पण आताशा अर्ध्या मॅचमध्येच दमायचा. त्याच्या जोडीला एक राखीव फॉरवर्ड घ्यायचं ठरत होतं आणि दोनच नावं चर्चेत होती. लंबू बास्केटखाली कपाटासारखा उभा राहायचा. डावरा लांबून नेमका चेंडू टाकायचा, पण समोरच्याला अडवायचं म्हटलं की त्याचं अंग मोडून यायचं. लाँड्रीत येणारा जाणारा आपलं मत ठोकून कपडे घेऊन निघून जायचा. शटर पडेपर्यंत बसायचे ते हे दोघेच, पोस्टमन आणि फिटर. दोघेही रिटायर झालेले.

“राखीव माणसाचं मुख्य काम काय?” पोस्टमनने विचारलं. “बसणं! बोलावलं तर उठायचं, नाही बोलावलं तरी तयार बसायचं. तुमच्या डावऱ्याला तेवढा धीर आहे का?”

“घ्या! म्हणजे बसायला माणूस आणायचा? मग मला न्या की!”

खरं सांगायचं तर पोस्टमनलाही डावराच आवडायचा. पण पहिल्या दिवशी फिटरने आधी डावऱ्याचं नाव घेतलं. दोघांनी एकच नाव घेतलं असतं, तर बोलायला काय उरलं असतं? म्हणून पोस्टमनने लंबूला उचलून धरलं. आता त्या लंबूसाठी तो जीव तोडून भांडत होता.

घरी होतं कोण भांडायला? बायको गेल्यापासून दोन खोल्या आणि एक पंखा. मुलगी लांब. रविवारी फोन करायची. “बाबा, जेवलात ना? गोळ्या घेतल्यात ना?” दोन्हीला हो म्हटलं की बोलणं संपलं. नोकरीत जन्मभर त्याने लोकांची दारं वाजवली, आता त्याचं दार वाजवायचा तो फक्त मीटर बघायला येणारा. म्हणून तो रोज एकच शर्ट इस्त्रीला आणायचा. “सगळे एकदम का नाही आणत हो?” असं लाँड्रीवाल्याने एकदा विचारलं होतं. “एकदम आणले की पिशवीत चुरगळतात,” असं काहीतरी तो बोलून गेला होता. फिटरचं बरं होतं. घरात मुलगा, सून, नातवंडं. त्याला काय, हौस म्हणून येत असेल.

त्या संध्याकाळी लाँड्रीवाल्याने एकदम टीव्हीचा आवाज वाढवला.

“डावरा! डावऱ्याशी करार झाला!” तो ओरडला. “फिटर, जिंकलात की हो! सुटलो बाबा. तुमच्या भांडणापायी माझ्या हातून लोकांच्या कॉलरी जळायला लागल्या होत्या.”

फिटर नाचेल असं वाटलं होतं. तो नुसता “हं” म्हणाला. पोस्टमनने हात पुढे केला, “अभिनंदन.” फिटरने हात हातात घेतला. टीव्हीवर जाहिरात लागली. ती दोघांनी शेवटपर्यंत पाहिली.

“चला,” फिटर म्हणाला.

“चला,” पोस्टमन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर पोस्टमनने कपाट उघडलं. एकूण एक शर्ट कडक इस्त्रीचा. आता जाऊन करायचं काय? हरलेल्या माणसाने तोंड वर करून बोलायचं तरी कशावर? आणि फिटर कशाला येतोय आता! त्याचं काम झालं होतं. पोस्टमनला इतकं एकटं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. मग त्याने वरचा शर्ट ओढून काढला, दोन्ही हातांनी चांगला चुरगळला आणि पिशवीत कोंबला.

लाँड्रीत फिटर बसला होता. बाकाच्या त्याच टोकाला, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत काल इस्त्री करून नेलेलाच निळा शर्ट होता. लाँड्रीवाल्याने घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. भल्या माणसा, निदान चुरगळायचा तरी!

पोस्टमन शेजारी बसला. लाँड्रीवाला आत कपडे मोजत होता. टीव्ही बंद होता. फिटरने घसा साफ केला, पोस्टमनकडे पाहिलं नाही.

“पोस्टमन,” तो म्हणाला, “रात्रभर विचार केला. टीमने साफ चुकीचा माणूस घेतला हो. तुमचा लंबूच घ्यायला पाहिजे होता.”

पोस्टमनने पुन्हा एकदा त्या निळ्या शर्टाच्या घडीकडे पाहिलं. मग आपली पिशवी बाकाखाली सरकवली आणि चांगला सरसावून बसला.

“फिटर, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” तो कडाडला. “डावऱ्याला नावं ठेवता?”