भिंतीची जागा

"विमान भरलं," काउंटरवरचा तरुण म्हणाला आणि त्याने तिचं ओळखपत्र अलगद परत सरकवलं.

भिंतीला क्षणभर काही कळेचना. भिंत म्हणजे संघाची गोलकीपर. घरचे सोडले तर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्या दहाजणी बोर्डिंग पास नाचवत पुढे गेल्या होत्या आणि ही नेहमीसारखी रांगेच्या शेवटी. बसमध्ये चढताना, जेवायला वाढून घेताना, कुठेही भिंत सगळ्यांत मागे. सगळ्या आपल्या नजरेसमोर असल्या की तिला बरं वाटे. गोलपोस्टमध्ये उभं राहून लागलेली खोड, दुसरं काय. आज तीच नडली. कंपनीने जागांपेक्षा एक तिकीट जास्त विकलं होतं आणि शेवटी येईल तो राहील, असा तिथला सरळ हिशोब होता.

"पुढच्या विमानाने पाठवतो ना," तरुण म्हणाला. "ते चारला पोहोचतं."

"फायनल तीनला आहे," भिंत म्हणाली.

एवढ्यात कोच मॅडम तरातरा मागे आल्या. दोन मुली दुखापतीने घरी बसलेल्या, त्यामुळे खेळायला बरोबर अकराच. कोचशिवाय संघाला मैदानात घेत नाहीत. म्हणजे आपल्यातल्या कुणाला मागे ठेवायचीही सोय नव्हती. मॅडमनी काउंटरवर दोन्ही हात टेकले.

"कुणाची जागा काढून घेण्याआधी, स्वखुशीने कुणी थांबतंय का ते विचारायचं असतं. सरकारचा नियम आहे. विचारलंत?"

तरुण ओशाळला. घाईगडबडीत राहूनच गेलं होतं. त्याने माईक उचलला. जो प्रवासी थांबेल त्याला भरपाई, जेवण आणि पुढच्या विमानात नक्की जागा.

खुर्च्यांवरून कुणी उठेना. भिंतीची नजर कामाला लागली. पेनल्टी मारणारी कुठे मारणार हे ती खांद्यांवरून ओळखायची. लॅपटॉपवाला पुढे वाकला. हा उठणार, असं तिला वाटलं, तर त्याने चार्जर उचलला. एक आजोबा खरोखरच उठले आणि पाणी प्यायला गेले. आज अंदाज साफ चुकत होते. कोपऱ्यात गळ्यापर्यंत जॅकेट बंद करून बसलेल्या बाईंकडे तर तिने पाहिलंही नव्हतं. त्यांच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं होती. त्यांनी दोन्ही पाहिली, फोनवर दोन वाक्यं बोलल्या आणि उठून काउंटरपाशी आल्या.

"माझी जागा हिला द्या."

काचेपलीकडे दहाजणींनी उड्या मारायला सुरुवात केली. भिंतीच्या हातात बोर्डिंग पास पडला आणि ती धूम पळाली. दारापर्यंत गेली आणि तशीच मागे वळली. आभार मानायचे राहिले होते.

"मावशी, तुमचंही तिकडे काही काम असेल ना?"

"आहे की. तीनचंच."

"मग तुम्हाला उशीर होईल!"

"तुला उशीर झाला असता तर ते तुझ्यावाचून सुरू झालं असतं," बाई म्हणाल्या. "माझ्यावाचून होत नाही."

त्यांनी जॅकेटची चेन जराशी खाली ओढली. गळ्यात शिट्टी होती.

"सामना आता पाचला. आणि मावशी म्हणालीस तरी, बॉल रेषेच्या आत गेला की मी गोल देणार."