खाडीकडचा दगड

पेण ते रोहा पायी जाणाऱ्यांसाठी वाट आखायचं काम निघालं, तेव्हा दगडांवर पिवळे बाण रंगवायला जोहे गावच्या हौसाबाईला बोलावलं. तीस वर्षं गणपतींचे डोळे आखणारा तिचा हात. बाण म्हणजे पोरखेळ. खाडीच्या बांधाला दोन फाटे फुटतात, तिथे मात्र ती थांबली. मिठागरावरून परतताना तिचा नवरा इथेच धुक्यात डावीकडे वळला होता आणि भरतीत बुडाला. तिने उजवीकडे बाण काढला. "झालं, चला," सोबतचा प्रवीण म्हणाला. तिने कमरेला खोचलेला बारीक ब्रश काढला. गणपतीच्या डोळ्यांखेरीज तो कधी कशाला लागला नव्हता. डाव्या वाटेवरच्या दगडावर तिने श्वास रोखून दोन डोळे आखले. "इथं डोळे कशाला गो मावशी?" "घाईत बाणाकडं कोण बघतो, पोरा? पण समोरून कुणी बघतंय म्हटलं, की पाय थबकतो. ह्यांचाबी थबकला असता."