खालचा बाण

जेवण आटोपून ताई लॅपटॉप उघडून बसली. नव्या नोकरीत टर्मिनल, म्हणजे ओळी टाइप करून संगणकाला हुकूम द्यायची ती काळी खिडकी, वापरता आल्यावाचून चालणार नव्हतं आणि धाकटी बहीण फोनवरून शिकवत होती.

“‘एको’ लिहून पुढे वाक्य टाक. पडदा तेच वाक्य परत म्हणेल.”

पडदा म्हणाला.

“आता वरचा बाण दाब. आधी लिहिलेल्या ओळी परत येतात.”

“आणि खालचा?”

“खाली काय डोंबल असणार? ते तू अजून लिहायचंयस.”

ताईने तरीही दाबला. ओळ आली: ‘एको धाकटी फोन उचलत नाही’.

“हा चावटपणा तुझाच ना?”

“कसला? थांब हं, दारावर कोणीतरी आलंय. करते परत.”

फोन आला नाही. ताईने लावला, तर नुसताच वाजत राहिला. सातव्यांदा तो बाजूला ठेवून तिने चाळा म्हणून कीबोर्डवर बोटं टेकवली. काय लिहिलं हे तिला एंटर दाबल्यावरच कळलं. अक्षरन् अक्षर तीच ओळ.

नको नको म्हणताना तिचं बोट खालच्या बाणावर गेलं.

‘एको दार उघडू न’

ओळ तिथेच तुटली होती, लिहिणारीला मध्येच उठावं लागलं असावं तशी.